यादीत नसलेलं नाव

सातपुड्यातल्या काठी गावाचं नाव आपल्यापैकी पुष्कळांनी होळीच्या निमित्तानं ऐकलं असेल. काठीची राजवाडी होळी. उंच बांबू उभा राहतो, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवलेले बुध्या आणि बावा रात्रभर नाचतात आणि पहाट फुटताना होळी पेटते. डोंगरातल्या पाड्यापाड्यांतून माणसं पूर्वी पायी यायची. आता जीपगाड्या भरून येतात. पण आज मी होळीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय ते सायकलबद्दल, आणि सायकलवरच्या एका माणसाबद्दल.

माझे अब्बा सायकली दुरुस्त करायचे. खाली, तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या टोकाला आमची पत्र्याची टपरी होती. पाण्याचं घमेलं, हवेचा उभा पंप, सोल्युशनची ट्यूब, चाकाचा आऊट काढायचा स्टँड आणि तासाच्या भाड्यानं द्यायच्या सात सायकली, एवढा आमचा संसार. बाजाराच्या दिवशी अब्बा हत्यारांची पिशवी घेऊन मोलगीला जायचे, होळीला काठीला जायचे. देवगोईचा घाट त्या काळी सायकलवाल्यांची परीक्षा पाहायचा. चांगले चांगले गडी खाली उतरून सायकल ढकलत न्यायचे. काठीचा एक पोरगा मात्र ती चालवत वर न्यायचा. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. अनवाणी. अब्बा म्हणायचे, "याच्या पायात चेन बसवलीय अल्लानं."

मी तेव्हा सातवीत होतो. आमचा भाग त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं. एका सव्वीस जानेवारीला गावात सायकलींची शर्यत ठेवली होती. गावातून घाटाच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. माझं अक्षर बरं म्हणून मला टेबलापाशी नावं लिहायला बसवलं होतं. तो काठीचा पोरगा अब्बांच्या दुकानातली भाड्याची सायकल घेऊन आला. त्यानं नाव सांगितलं. मी पेन टेकवलं, तेवढ्यात शेजारी बसलेले गृहस्थ हसून म्हणाले, "राहू दे रे. हा कुठं पोचतोय? जा बाबा, वळणापर्यंत जाऊन ये, लोकांची करमणूक होईल." मी पेन उचललं.

तो पहिला आला. दुसऱ्यात आणि त्याच्यात चांगलं अर्ध्या फर्लांगाचं अंतर होतं. पण बक्षिसाच्या वेळी यादी काढली गेली. यादीत त्याचं नाव नव्हतं. स्टीलचा डबा दुसऱ्याला मिळाला. मी तिथंच उभा होतो. 'त्यानं नाव सांगितलं होतं, मीच लिहिलं नाही', एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. संध्याकाळी अब्बांनी त्याच्याकडून सायकलचं भाडं घेतलं नाही. मला काहीच म्हणाले नाहीत.

ही गोष्ट मी पुढं चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगावीशी वाटली ती एका अमेरिकन सायकलपटूचं आयुष्य वाचल्यावर. माझ्या पुतण्यानं एकदा मोबाईलवर एक जुना फोटो दाखवला. खाली वाकलेला, घट्ट अंगाचा, सावळा तरुण, आणि ज्या सायकलला ना ब्रेक ना फ्रीव्हील, अशा सायकलवर. नाव, मार्शल वॉल्टर टेलर. जग त्याला मेजर टेलर म्हणतं.

टेलरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरालगत झाला. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपून त्या वेळी जेमतेम तेरा वर्षं झाली होती. वडील साउदर्ड नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे घोडागाडी हाकायचे. त्या घरातला मुलगा डॅन आणि हा मार्शल एका वयाचे. मार्शल त्यांच्याच घरी राहू लागला, बरोबरीनं शिकला, आणि तिथंच त्याला पहिली सायकल मिळाली. पण मित्रांबरोबर व्यायामशाळेत गेला की दारावर अडवायचे. मित्र आत, हा बाहेर. पुढं ते कुटुंब शिकागोला गेलं आणि मार्शल आपल्या गरीब घरी परतला. सोबत सायकल आणि सायकलवरच्या कसरती होत्या. एका सायकल दुकानानं त्या कसरती पाहून त्याला कामावर ठेवलं. दुकानासमोर लष्करी थाटाचा कोट घालून तो कसरती करायचा, म्हणून लोक त्याला 'मेजर' म्हणू लागले. मेजर ही त्याची लष्करातली हुद्द्याची पदवी नव्हे. ती रस्त्यावर मिळालेली आहे.

आता ऐका. टेलरनं आत्मचरित्रात आपल्या पहिल्या शर्यतीची हकीकत सांगितली आहे. दहा मैलांची रस्त्यावरची शर्यत होती, हा प्रेक्षक म्हणून गेला होता. दुकानाच्या मालकानं गंमत म्हणून त्याला आरंभरेषेवर ओढलं आणि सांगितलं, की तुला पुरं अंतर जमणार नाही हे मला ठाऊक आहे, थोडं पुढं जा, लोकांना मजा वाटेल, दमलास की परत ये. पोरगा लहान म्हणून त्याला काही मिनिटं आधी सोडलं होतं. तो परत आला तो शर्यत जिंकूनच. घरी आईला पदक दाखवलं.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. इंडियानापोलिस कुठं आणि आमचा तालुका कुठं! वाक्य मात्र तेच. फरक एवढाच, की तिथं त्या पोराला पदक मिळालं.

पण गंमत म्हणून सोडलेला पोरगा खरोखरीच जिंकायला लागला, की गंमत संपते. १८९५ साली पंचाहत्तर मैलांच्या एका शर्यतीत संयोजकानं टेलरचा सहभाग अगदी शेवटपर्यंत गुप्त ठेवला, कारण काळा स्पर्धक आहे असं कळलं तर बाकीचे उतरणार नाहीत अशी भीती होती. बाकीचे निघाल्यावर टेलर मागून सामील झाला. गोरे स्पर्धक शिव्या देत, धमकावत होते. तरी ती शर्यत त्यानंच जिंकली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं, म्हणजे लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेननं, सदस्यत्व फक्त गोऱ्यांसाठी असा नियम केला होता. इथं तर यादीचा रकानाच बंद.

टेलरच्या नशिबात एक भला माणूस आला. लुई मंगर हा स्वतः जुना शर्यतपटू, सायकलींचा कारखानदार. त्यानं या पोराला जगातला सर्वांत वेगवान सायकलपटू करायचं मनावर घेतलं आणि १८९५ मध्ये त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरी नेलं. तिथली व्यायामशाळा काळ्यांना बंद नव्हती. पुढं वुस्टर हेच टेलरचं गाव झालं.

डिसेंबर १८९६ मध्ये, अठरा वर्षं पूर्ण होताच, तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्यावसायिक म्हणून उतरला. तिथं सहा दिवसांची शर्यत होती. सहा दिवस, सहा रात्री, लाकडी ट्रॅकवर गोल गोल. जो जास्त मैल काटेल तो पुढं. टेलर आठवा आला, पण त्यानं १,७३२ मैल काटले, म्हणजे सुमारे २,७८७ किलोमीटर. झोपेवाचून भास व्हायला लागले होते. असल्या लांबणीच्या शर्यतीत तो पुन्हा फारसा रमला नाही. त्याचं खरं अंग होतं ते छोट्या अंतराच्या वेगाचं, ज्याला स्प्रिंट म्हणतात.

ट्रॅकवरची शर्यत म्हणजे काय हे थोडं सांगतो, कारण आपल्याकडे ती पाहिलेली माणसं कमी. ट्रॅक वाटोळा असतो आणि वळणावर विहिरीच्या काठासारखा वर उचललेला. सायकलला एकच गिअर आणि तोही बांधलेला, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. थांबवायला ब्रेक नाही. पुढच्याच्या पाठीशी चिकटून राहिलं, की वारा तो खातो आणि मागच्याची ताकद वाचते. म्हणून सुरुवातीला कुणी घाई करत नाही. एकमेकांचा अंदाज घेत सगळे सावकाश जातात आणि शेवटच्या दोनशे मीटरांत झेप घेतात. ती झेप घ्यायला फट मिळाली पाहिजे. टेलरला नेमकी तीच मिळू द्यायची नाही, असं बाकीचे संगनमतानं ठरवत. एक पुढं, एक मागं, एक बाजूला, असं त्याला कोंडत. कोपर मारत, आतल्या कडेला दाबत. आणि टेलर त्या कोंडीत हातभर फट दिसताच अशी सायकल काढायचा, की पाहणारे उभे राहायचे.

१८९७ मध्ये टॉन्टन गावच्या शर्यतीत तो दुसरा आला. तिसऱ्या आलेल्या गोऱ्या स्पर्धकानं त्याला सायकलवरून खाली ओढलं आणि तो बेशुद्ध होईपर्यंत त्याचा गळा दाबला. शिक्षा काय? पन्नास डॉलर दंड. दक्षिणेतल्या राज्यांत तर त्याला ट्रॅकवर उतरूच देत नसत. विजेतेपद मात्र वर्षभर गावोगावच्या शर्यतींत मिळवलेल्या गुणांवर ठरायचं. म्हणजे परीक्षेला बसू द्यायचं नाही आणि गुण कमी पडले म्हणायचं.

तरीही १८९८ मध्ये त्याच्या नावावर सात जागतिक विक्रम होते. आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरी, तो एक मैलाच्या स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला. कुठल्याही खेळात जागतिक विजेतेपद मिळवणारा तो दुसरा कृष्णवर्णी माणूस. पहिला मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सन. बँडनं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, तेव्हा आपण अमेरिकन असल्याचा असा अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. ज्या देशातल्या संघटनेच्या दारावर त्याच्यासाठी पाटी होती, त्या देशाचं ते गीत होतं. हे वाचताना मला काय वाटलं ते इथं फोडून सांगायला हवं असं नाही. १९०० मध्ये तो अमेरिकेचाही विजेता झाला. वुस्टरमध्ये चांगल्या वस्तीत त्यानं घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी ते जास्त पैसे देऊन परत विकत घ्यायची तयारी दाखवली. त्यानं घर सोडलं नाही.

युरोपची बोलावणी येत होती. अडचण एकच. टेलर श्रद्धाळू ख्रिस्ती होता, आईला शब्द दिला होता, रविवारी शर्यत करायची नाही. आणि युरोपातल्या मोठ्या शर्यती रविवारच्याच. मोठमोठ्या रकमा त्यानं नाकारल्या. आमचे अब्बा भर बाजाराच्या दिवशी जुम्म्याच्या नमाजला टपरीचं फळकूट लावून जायचे. गिऱ्हाईक ओरडायचं. ते म्हणायचे, "पंक्चर थांबेल. वेळ थांबणार नाही." म्हणून टेलरचा हा हट्ट मला समजतो. अखेर युरोपीय संयोजकच नमले आणि १९०१ मध्ये रविवार वगळून करार झाला.

पॅरिसच्या पार्क दे प्रिन्स ट्रॅकवर मे १९०१ मध्ये त्याची गाठ फ्रान्सच्या एदमों जाकलँशी पडली. जाकलँ आदल्या वर्षीचा जगज्जेता. १६ मे, गार वारा. थंडीत टेलरचं अंग खुलत नसे. तो हरला, आणि जाकलँनं लोकांसमोर नाकाला अंगठा लावून त्याला वेडावलं. २७ मे रोजी पुन्हा सामना झाला. हवा उबदार होती. टेलरनं सरळ दोन फेऱ्यांत त्याला हरवलं. मग युरोपभर त्याचा उदोउदो झाला. पुढं तो ऑस्ट्रेलियाला गेला, तिथंही माणसं लोटली. १९०४ मध्ये त्याला मुलगी झाली ती सिडनी शहरात, तिचं नावही सिडनीच ठेवलं. मायदेशी परतल्यावर मात्र याच कुटुंबाला जेवायला हॉटेल मिळणं मुश्किल.

१९१० मध्ये तो निवृत्त झाला. कमाई त्या काळातल्या कुणाही खेळाडूनं हेवा करावा अशी होती, पण धंद्यात बुडाली. संसार मोडला. १९२८ मध्ये त्यानं पदरचे पैसे घालून आत्मचरित्र छापलं. त्यात त्याच्या स्वतःच्या कविताही आहेत. पोटासाठी तो ते पुस्तक दारोदार विकत हिंडला. कवितासंग्रह पिशवीत घालून मीही हिंडलोय, श्रोतेहो. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला माहीत आहे. पण मी जगज्जेता नव्हतो. २१ जून १९३२ रोजी शिकागोच्या धर्मार्थ दवाखान्यात त्रेपन्नाव्या वर्षी मेजर टेलर वारला. प्रेत न्यायला कुणी आलं नाही. बेवारस म्हणून पुरला, कबरीवर नाव नाही.

टेलरची गोष्ट वाचताना मला सारखी आठवत राहिली ती आपल्या पळवणकर बाळूंची. टेलरपेक्षा दोनच वर्षांनी मोठे, जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार समाजातला हा तरुण पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. फलंदाजी क्वचितच मिळायची. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना घेतलं. मैदानात सगळ्यांच्या हातात एकच चेंडू. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाकडून त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये.

जोतीराव फुल्यांना ही नाती फार आधी दिसली होती. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. टेलरच्या जन्माच्या पाच वर्षं आधी.

आपल्याकडे सायकल चालवणारे नव्हते असं नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघं सुमारे ७१,००० किलोमीटर पार करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा सायकल संघ होता आणि त्यात मुंबईचे पारशी खेळाडू होते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी कापणारी शर्यत दोघांच्या संघात पुरी केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकेकट्यानं केली. मला याचा अभिमान आहे. पण ऑलिंपिकमध्ये १९६४ च्या टोकियोनंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय सायकलपटू उतरला नाही. आणि या देशात सायकल चालवून पोट भरणारी माणसं कोट्यवारी आहेत, दूधवाले, पाववाले, भंगारवाले. शर्यतीवर पोट भरणारा हाताच्या बोटांवर मोजायला बसलो, तर बोटं उरतात. पायांत ताकद नाही म्हणून नव्हे. टेबलावर यादी करायला बसलेल्यांना तो पाय दिसत नाही म्हणून.

टेलरच्या कबरीचं पुढं काय झालं तेही सांगतो. १९४८ मध्ये काही जुन्या व्यावसायिक सायकलपटूंनी सायकल कारखानदार फ्रँक श्विनच्या पैशानं त्याचे अवशेष काढून चांगल्या जागी पुरले आणि त्यावर ब्राँझची पाटी लावली. १९८२ मध्ये इंडियानापोलिसनं नव्या ट्रॅकला त्याचं नाव दिलं. २००८ मध्ये वुस्टरनं त्याचं स्मारक उभारलं. आणि १८९४ चा तो गोऱ्यांपुरता नियम? त्या संघटनेच्या आजच्या वारसांनी तो चूक होता म्हणून औपचारिकपणे झिडकारला १९९९ मध्ये. एकशेपाच वर्षं लागली. उशीर झाला, पण चूक कुणाची हे कागदावर आलं.

म्हणून मागच्या होळीला मी काठीला गेलो. शोधायला वेळ लागला नाही. तो आता साठीच्या आसपास आहे. नातवाला खांद्यावर घेऊन होळीच्या गर्दीत उभा होता. मी अब्बांचं नाव सांगितलं. त्यानं लगेच ओळखलं. म्हणाला, "त्यांनी भाडं नाही घेतलं माझ्याकडून." मग मी शर्यतीचं बोललो. नावं लिहायला मी होतो, तू नाव सांगितलं होतंस, मी लिहिलं नाही आणि नंतर बोललोही नाही, असं सगळं सांगितलं. ढोल जोरात वाजत होते, मला दोनदा सांगावं लागलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "मला वाटत होतं माझंच चुकलं. नाव हळू सांगितलं असेल."

चाळीस वर्षं तो हे घेऊन बसला होता. मी माझी शरम घेऊन बसलो होतो आणि तो माझी चूक आपली समजून.

त्याचं नाव मी आज इथं घेत नाही, कारण त्यानं नको सांगितलं. पण घरी आल्यावर मी एका वहीत तारीख घातली, शर्यतीचं अंतर घातलं आणि पहिल्या क्रमांकासमोर ते पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट. अक्षर अजून बरं आहे.